निवडुंगाची त्वचा आणि तैलरंगाचे थर

ब्राझीलमधला पिलोसोसेरियस नावाचा खांबासारखा निवडुंग चक्क आकाशी निळा दिसतो. त्याच्या अंगावरून बोट घासलं की बोटाखालची रेघ हिरवी होते आणि बोटाला पांढुरकी भुकटी लागते. निळं रंगद्रव्य त्या झाडाच्या त्वचेत नसतंच. त्वचेवर मेणाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो आणि त्याखाली गडद हिरवी ऊती. मेणाचे कण तांबड्या-पिवळ्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतात. उरलेला प्रकाश खाली उतरून गडद थरात मुरतो. डोळ्यापर्यंत येतो तो मुख्यतः विखुरलेला निळा. भुकटी पुसली की निळाही गेला.

तैलचित्रात निवडुंग फसतो तो इथेच. पॅलेटवर हिरवा, पांढरा आणि थोडा निळा एकजीव कालवून लावला, तर छटा कदाचित तंतोतंत जुळेल, पण झाड प्लास्टिकचं दिसेल. एकजीव मिश्रणातून प्रकाश एकाच थरातून परततो. झाडाच्या त्वचेतून तो वेगवेगळ्या खोलीवरून परततो. तैलरंगाची सोय अशी की त्यातही थरावर थर चढवता येतो. वाळलेल्या गडद हिरव्यावर पांढऱ्याचा विरळ हात घासला तर मेणासारखाच निळसरपणा येतो, निळ्या ट्यूबला हात न लावता. म्हणून छटेची नक्कल करण्यापेक्षा झाडाच्या थरांचा क्रम पाळावा, असं आमचं मत आहे. अडचण एवढीच की त्यासाठी प्रत्येक थर नीट वाळावा लागतो, आणि मुंबईची हवा त्या बाबतीत फारशी सहकार्य करत नाही.

आधी झाड समजून घ्यावं

निवडुंगाचं खोड आडवं कापलं तर बाहेरून आत हा क्रम दिसतो: मेण आणि क्युटिकलचा (पाणी अडवणाऱ्या मेणचट पापुद्र्याचा) थर, पातळ बाह्यत्वचा, तिच्याखाली जाड भिंतींच्या पेशींचा अर्धपारदर्शक थर (बऱ्याच जातींत त्याच्या आसपास कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिकही असतात), मग हरितद्रव्याची ऊती आणि सर्वांत आत पाणी साठवणारा फिकट गर. ही झाडं रंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून प्रकाशसंश्लेषण करतात. दिवसभर पाणी अडवून धरायचं तर त्वचा जाड हवी. आंब्याच्या पानातला हिरवा पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतो आणि वर चकाकी असते. निवडुंगातला हिरवा धुकट काचेमागे असल्यासारखा करडा होऊन बाहेर येतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन आंब्याला शोभतो, निवडुंगाला शोभत नाही, त्याचं कारण हे.

दुसरी खूण अरिओलची. काट्यांचा झुबका ज्या लोकरी ठिपक्यातून निघतो तो अरिओल. कॅक्टेसी, म्हणजे खऱ्या निवडुंगांच्या कुळातल्या सगळ्या झाडांना तो असतो आणि इतर कोणत्याच कुळात नसतो. काटा म्हणजे रूपांतरित पान. फूल आणि नवी फांदीही बहुधा अरिओलमधूनच येते. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग किंवा थारच्या वाळवंटातला थोर ही युफोर्बिया कुळीतली झाडं: काटे जोडीजोडीनं, ठिपका नाही, आणि खोड चिरलं की पांढरा चीक. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा चिरून बघण्याची हौस टाळावी. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. सांगली-सोलापूरकडे शेतात उभं असलेलं ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसच.

चित्रात याचा उपयोग असा: थारच्या टेकड्यांवर हात पसरलेला साग्वारो काढला तर ती चूक ठरते, कारण साग्वारो फक्त उत्तर अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात वाढतो. वाळवंटी बागेत मात्र मोकळीक आहे. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बागेचा वाळवंटी विभाग १९०७ मध्ये सुरू झाला, ॲरिझोनातल्या फीनिक्सचं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन १९३९ मध्ये उघडलं, आपल्याकडे पंचकुलाचं कॅक्टस उद्यान १९८७ चं. अशा बागांत मेक्सिकोचा गोल सोनेरी निवडुंग आफ्रिकेच्या युफोर्बियाशेजारी आणि अमेरिकेच्या घायपातीशेजारी सुखानं उभा असतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. मुंबईच्या रोपवाटिकांत हिरव्या दांड्यावर लालभडक किंवा पिवळा गोळा बसवलेलं रोप मिळतं. तो वरचा गोळा जिम्नोकॅलिशियमचा हरितद्रव्य नसलेला प्रकार, आणि खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईचा. कलमाशिवाय तो जगत नाही. जमिनीतून थेट उगवलेला लाल गोळा चित्रात दिसला की जाणकाराची नजर तिथेच अडते.

मॉडेल म्हणून घरातली कुंडी घेणार असाल तर तिचा शेंडा तपासा. खिडकीच्या ग्रिलमध्ये, समोरच्या इमारतीच्या सावलीत वाढलेला निवडुंग उजेडाच्या ओढीनं वर निमुळता आणि फिकट होतो, काटेही विरळ आणि आखूड येतात. गोल जात बाटलीच्या आकाराची होते. हा आकार वाळवंटातल्या उन्हात रंगवला तर प्रकाश एक सांगतो आणि झाड दुसरं. अशा वेळी कुंडीवरून अरिओल, काटे आणि त्वचेचा पोत घ्यावा. एकूण आकार मोकळ्या बागेतल्या झाडांच्या फोटोंवरून घ्यावा.

आता कंगोरे. पाऊस पडला की खोड फुगतं आणि कंगोऱ्यांमधल्या दऱ्या उथळ होतात. पाणी संपत आलं की त्या खोल होतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. म्हणजे दरी किती खोल काढायची हे हौसेवर नाही, चित्रातला ऋतू कोणता यावर ठरवायचं. कंगोऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं काढणं ही नवशिक्यांची सर्वांत सरसकट चूक, आणि ती साध्या गणितानं टळते. समजा खोडाला २४ कंगोरे आहेत आणि चित्रात त्याची अर्धी रुंदी १० सेंटिमीटर. दोन कंगोऱ्यांमध्ये १५ अंशांचा कोन येतो. एक कंगोरा बरोबर मध्यावर धरला तर पुढचे मध्यापासून २.६, ५.०, ७.१, ८.७, ९.७ आणि १० सेंटिमीटरवर येतात. म्हणजे मधल्या फटी २.६, २.४, २.१, १.६, १.० आणि ०.३. कडेची शेवटची फट जवळजवळ मिटलेली. एवढं एकदा पेन्सिलनं आखलं की सपाट आकार आपोआप गोल वाटू लागतो, छाया न देताही. नजरेच्या पातळीखालचे अरिओल वरून दिसणाऱ्या लंबवर्तुळांवर मांडावेत, म्हणजे झाड जमिनीवर बसतं.

मॅमिलेरियासारख्या जातींना कंगोरे नसतात, उंचवटे असतात आणि ते दोन दिशांनी फिरणाऱ्या सर्पिलांत बसतात. मोजले तर बहुतेक वेळा एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला १३, किंवा १३ आणि २१ भरतात. उंचवटे एकेक करून काढत बसू नये. आधी दोन्ही दिशांच्या सर्पिल रेषा हलक्या आखाव्यात. त्या जिथे छेदतात तिथे उंचवटा.

ऊन एका बाजूनं येत नाही

कोरड्या वाळवंटी हवेत झाडावर तीन ठिकाणांहून प्रकाश पडतो. सूर्याचा थेट, आकाशाचा निळा आणि जमिनीवरून उसळलेला तांबूस-पिवळा. त्यामुळे गोल निवडुंगाच्या सावलीच्या बाजूला वरचा भाग थंड निळसर असतो आणि पोटाखालचा भाग उबदार, कधीकधी मधल्या भागापेक्षा उजळसुद्धा. मुंबईत हे सहज दिसत नाही. इथल्या हवेतले पाण्याचे आणि धुळीचे कण आकारानं मोठे, ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. आकाश पांढुरकं होतं आणि सावल्या करड्या.

खात्री करून घ्यायची तर डिसेंबर-जानेवारीत, आकाश स्वच्छ असताना, सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर कुंडी नेऊन एक प्रयोग करावा. कुंडी झाकली जाईल असा खाकी कागद निवडुंगाभोवती पसरावा आणि पोटाखालचा रंग पाहावा. मग खाकीऐवजी निळा कागद ठेवावा. सावलीतला हिरवा दोन्ही वेळा इतका वेगळा दिसतो की पुन्हा कधी सावलीत नुसता काळा मिसळावासा वाटणार नाही.

सूर्याची उंचीही मोजून घ्यावी. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. फीनिक्स ३३ अंशांवर आहे, तिथे असं कधीच होत नाही. डिसेंबरच्या भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, फीनिक्सला ३३ अंशांवर. तिथला हिवाळा रंगवताना इथल्या दुपारच्या सावल्या उतरवल्या तर त्या आखूड पडतील. मोबाइलच्या फोटोवर तर मुळीच विसंबू नये. तो सावल्या उचलतो, हिरवा भडक करतो आणि उन्हातले काटे पांढऱ्या डागात विरघळवून टाकतो.

थर कसे चढवायचे

पृष्ठभागापासून सुरुवात. पारंपरिक पद्धतीत कॅनव्हासला प्राणिज सरस लावतात. मुंबईसाठी ती पद्धत सोडून द्यावी. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की सरस फुगून मऊ होतो, घट्ट विणीचं कापड आखडतं, आणि मधल्या मध्ये रंगाचा थर सुटतो. शिवाय सरस म्हणजे बुरशीचं खाद्य. त्याऐवजी ॲक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्यावेत. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, आणि प्रत्येक हातानंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासावं. तिसऱ्या हातानंतर कोरड्या दिवसांत एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस थांबून मगच तैलरंग लावावा. एमडीएफचा बोर्ड घेतलात तर कडा आणि पाठ आधी बंद करा; पाणी तिथूनच शिरतं आणि कडा फुगतात. लहान चित्रासाठी ॲल्युमिनियम कंपोझिटचा तुकडा, पॉलिश पेपरनं खरबरीत करून आणि जेसो लावून, दमट हवेत सर्वांत निर्धास्त.

पहिला थर हरितद्रव्याचा. व्हिरिडियन (ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक पीजी १८) दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग. दोन्ही पारदर्शक, मिळून गडद, किंचित तपकिरी हिरवा होतो. तेल अजिबात न घालता थोड्या द्रावकानं पातळ करून अख्ख्या खोडावर लावावा, उजेडाच्या बाजूला फडक्यानं पुसून फिका करावा. व्हिरिडियन महाग वाटला तर थॅलो ग्रीन (पीजी ७) चालतो, पण तो इतका जोरकस आहे की ब्रशच्या टोकाएवढा आधी घ्यावा आणि सिएना पाच-सहा पट. या थरात पांढरा नको. बऱ्याच कंपन्या पांढरा करडईच्या तेलात घोटतात. तो फिका राहतो, पण सावकाश वाळतो आणि त्याचा थर जवसाच्या तेलाइतका चिवट होत नाही. पायाच्या थरात घालायचा तो रंग नव्हे.

दुसरा थर त्या अर्धपारदर्शक पेशींचा, म्हणजे आकार घडवणारा. इथे क्रोमियम ऑक्साइड ग्रीन (पीजी १७) कामाला येतो. तो अपारदर्शक, जरा मळकट आणि उन्हात न उडणारा आहे, आणि ट्यूबमधल्या सगळ्या हिरव्यांत निवडुंगाच्या सर्वांत जवळचा. उन्हातल्या कंगोऱ्याच्या धारेला क्रोमियम ऑक्साइड दोन भाग, टायटॅनियम पांढरा एक भाग, यलो ऑकर अर्धा भाग. सावलीच्या वरच्या भागाला त्याच हिरव्यात अल्ट्रामरीनची चिमूट. पोटाखाली ऑकर आणि नखभर बर्न्ट सिएना. दऱ्यांमध्ये पहिला थर तसाच उघडा सोडावा, ती गडद खोली पुन्हा रंगवून येत नाही. माध्यम एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग द्रावक, तेही ब्रश ओढेल इतपतच.

तिसरा थर मेणाचा, आणि सगळी गंमत इथे आहे. दुसरा थर नखाचा ठसा न उमटण्याइतका वाळला पाहिजे. मग वाटाण्याएवढा टायटॅनियम पांढरा घ्यावा, त्यात एक-दोन थेंब तेल, आणि ताठ केसांच्या जुन्या ब्रशनं तो फडक्यावर जवळजवळ संपेपर्यंत पुसावा. उरलेला गोलाकार हातानं खोडावर घासावा. जिथे खालचा थर गडद तिथे निळसर धुकं उभं राहतं, जिथे फिका तिथे नुसता पांढुरका दिसतो. खऱ्या झाडावरही असंच होतं. याला स्कंबलिंग म्हणतात. टायटॅनियमच्या कणांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) सुमारे २.७ आणि वाळलेल्या तेलाचा १.५ च्या आसपास. या मोठ्या फरकामुळे अगदी थोडा रंगही प्रकाश जोरानं विखुरतो. खडूचा अपवर्तनांक तेलाच्या जवळचा, म्हणून तेलात खडू जवळपास दिसेनासा होतो. झिंक पांढऱ्यानं स्कंबल अधिक नाजूक येतो हे खरं, पण झिंक तेलातल्या आम्लांशी मिळून साबणासारखी संयुगं बनवतो आणि थर वर्षांनी ठिसूळ होऊन सुटतो. तो मोह टाळावा. स्कंबल जाड झाला तर लगेच फडक्यानं पुसून पुन्हा करावा. वाळल्यावर तो खडूच्या पुटासारखा दिसतो आणि मग इलाज राहत नाही.

काटे सर्वांत शेवटी. मागून ऊन आलं की काटे चमकतात, कारण त्यांच्या तंतूंतून प्रकाश पुढच्या दिशेला विखुरला जातो. सोनेरी निवडुंगाभोवती त्यामुळे पिवळी प्रभा दिसते. आधी ही प्रभा रंगवायची, काटे नंतर. पार्श्वभूमी ओली असताना खोडाच्या कडेनं यलो ऑकर आणि पांढरा यांचा फिका पट्टा लावून कोरड्या पसरट ब्रशनं बाहेरच्या बाजूला ओढावा. तो वाळला की शून्य नंबरचा लांब केसांचा लाइनर घ्यावा. ट्यूबमधला रंग घट्ट असतो, जोर लावल्याशिवाय वाहत नाही, म्हणून बारीक रेघ मध्येच तुटते. नुसत्या द्रावकानं सैल केला तर रेघ वाहते, पण तेल कमी पडून वाळल्यावर पुसली जाते. दोन-तीन थेंब तेल किंवा अल्किड माध्यम (लवकर वाळणारं राळेचं माध्यम) घालून तो सायीइतका मऊ करावा, ब्रश अरिओलवर टेकवावा आणि टोकाकडे जाताना दाब सोडत उचलावा. पाचांतल्या एखाद्याच अरिओलचे काटे असे सुटे काढावेत, तेही उजेडाच्या कडेला. बाकीच्यांना टोनचा ठिपका पुरतो. काट्यांच्या खोडावर पडलेल्या बारीक सावल्या मात्र विसरू नयेत. ऊन कुठून आलं हे त्याच सर्वांत आधी सांगतात.

फुलांबद्दल थोडं. निवडुंगाच्या फुलांतला झगझगीत गुलाबी आणि पिवळा बीटालेन गटातल्या रंगद्रव्यांचा, बीटामध्ये असतो त्याच कुळातला. त्यासाठी क्विनॅक्रिडोन मजेंटा (पीआर १२२) घ्यावा. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) पातळ लावला तर उजेडात उडतो. याहून गमतीची गोष्ट कारमाइन या लाल रंगाची: तो फड्या निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनिअल किड्यापासून मिळतो. युरोपच्या चित्रकारांनी तो शतकानुशतके वापरला, आणि तोही उजेडात टिकत नाही, म्हणजे निवडुंगापासून मिळालेला रंग निवडुंगाच्या चित्राला चालत नाही. या किड्याचा भारताशीही संबंध आहे. रंगाचा धंदा उभारायच्या आशेनं १७९५ मध्ये तो ब्राझीलहून बंगालमध्ये आणला गेला, पण आली ती भलतीच, कमी रंग देणारी जात. तिनं रंग दिला नाही, फड्या निवडुंगाची एक जात मात्र मोठ्या प्रमाणावर फस्त केली. कीटक वापरून तण मारण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या उदाहरणांत ही फसगत मोजली जाते.

वाळणं म्हणजे नेमकं काय

तैलरंगातून पाणी उडत नाही, कारण त्यात पाणी नसतंच. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध असतात; हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो आणि रेणू एकमेकांना बांधले जाऊन जाळं तयार होतं. सुरुवातीला थराचं वजन चक्क वाढतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, त्यात तीन दुहेरी बंध. करडईच्या तेलात मुख्यतः दोन बंधांचं लिनोलेइक. खोबरेलात दुहेरी बंध नाममात्र, म्हणून ते कितीही दिवस ठेवलं तरी वाळत नाही. रंगद्रव्यही यात हात घालतं: अंबर या तपकिरी रंगातलं मँगनीज आणि कोबाल्टचे रंग ही क्रिया वेगवान करतात, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात.

यातूनच खाली रुक्ष, वर तेलकट हा नियम येतो. तेलकट थर सावकाश वाळतो आणि वाळताना जास्त हलतो. तो खाली आणि रुक्ष थर वर असेल तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वर भेगा पडतात. आपल्या तीन थरांत तेलाचं प्रमाण चढतं ठेवलं आहे ते म्हणूनच.

दमट हवेत ऑक्सिडीकरण मंदावतं. जून ते सप्टेंबर मुंबईत आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. दोन थरांमधला वेळ कोरड्या दिवसांच्या दुप्पट धरून चालावं. चित्र कपाटात बंद करून ठेवू नये, वाळायला हवा आणि उजेड दोन्ही लागतात. डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावून खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणता आली तर उत्तम. घाई असेल तर अल्किड माध्यम घ्यावं, बहुतेक पातळ थर दिवसभरात हाताला कोरडे लागतात. पण ते सर्व थरांत वापरावं, मध्येच सोडू नये. ड्रायर म्हणून मिळणारे कोबाल्टचे थेंब मोजून, अगदी थोडे. जास्त झाले तर वर साय धरते, आत रंग ओला राहतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. जाड थापलेल्या पांढऱ्या काट्यांवर पावसाळ्यात हेच घडतं.

सामानाबाबत दोन इशारे. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त टर्पेंटाइन बहुधा पेट्रोलियमपासूनचं खनिज टर्पेंटाइन असतं. घराच्या दारांना ठीक, पण त्यातलं काही न उडता थरात राहिलं तर रंग चिकट राहतो. तिथलंच डबल बॉइल्ड जवसाचं तेलही नको, त्यात ड्रायर असतात आणि ते फार पिवळं पडतं. द्रावक कोणताही असो, वन रूम किचनमध्ये रात्री खिडक्या लावून काम करू नये. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत: ऑक्सिडीकरणात उष्णता निघते, घड्यांत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवावीत.

व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबावं. ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान, दुपारी, हवा सर्वांत कोरडी असताना लावावं. पावसाळ्यात लावलेल्या व्हार्निशवर निळसर दुधाळ पडदा येतो: ओलाव्यामुळे थरात सूक्ष्म पोकळ्या आणि कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश विखुरतात. मेणाच्या थरात जे मुद्दाम साधलं, ते मग अख्ख्या चित्रभर पसरतं, वाळूवर आणि आकाशावरसुद्धा.

पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. दुसरी भिंत नसेल तर फ्रेमच्या चार कोपऱ्यांना मागून एक सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. बुरशीचे ठिपके दिसलेच तर ओल्या फडक्यानं पुसू नयेत, बीजाणू पसरतात; चित्र कोरड्या खोलीत हलवून, वाळल्यावर, मास्क लावून मऊ ब्रशनं झटकावेत. पावसाळ्यात कित्येक जण चित्रं भिंतीकडे तोंड करून किंवा चादरीत गुंडाळून ठेवतात. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि सर्वांत आधी स्कंबलचा निळसरपणा हिरवट होतो. चित्र थेट ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी काही आठवडे ठेवलं, की त्यातला बराचसा पिवळेपणा उतरतो.